मालिकेतल्या बालकलाकाराच्या आठवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर 2003 ते मे 2006 या काळात, म्हणजे वयाच्या आठव्या ते अकराव्या वर्षापर्यंत, मी एका मराठी कौटुंबिक मालिकेत धाकट्या नातीची भूमिका केली. आज मी नागपुरात शाळकरी मुलांची नाट्यशिबिरे घेते. जुने प्रेक्षक आणि त्याहून जास्त पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्यांना फक्त आजच्या कायद्याविषयी जाणून घ्यायचे आहे, त्यांनी थेट प्रश्न 12 पासून वाचावे.

1. ताई, ती मालिका कोणती होती? तुम्ही तिचे नाव का सांगत नाही?

15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा मराठी आणि त्यानंतर 2000 साली ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर मराठी घरांत रोजच्या मालिकांचा जो काळ आला, त्या काळातली ही एक मालिका होती. एकत्र कुटुंब, तीन पिढ्या, एक वाडावजा घर आणि आठवड्यातून पाच संध्याकाळी अर्धा तास, असे तिचे स्वरूप होते. माझ्याबरोबर आणखी तीन मुले काम करत होती आणि त्यांच्यापैकी दोघांना त्या दिवसांविषयी आता काहीही बोलायचे नाही. मी मालिकेचे नाव लिहिले की त्यांची नावे शोधून काढणे कोणालाही सोपे जाईल, म्हणून ते लिहीत नाही.

2. नागपूरची मुलगी मुंबईच्या मालिकेत कशी पोहोचली?

राज्य बालनाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर आमच्या शाळेचे नाटक होते. ते पाहायला आलेल्या एका रंगकर्मींनी माझा फोटो मुंबईला पाठवला आणि महिनाभराने चाचणीसाठी बोलावणे आले. बाबांना रजा नव्हती, म्हणून आई आणि मी विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत उतरलो. चाचणीत माझ्या हाती संवादांचे एक पान दिले होते, पण ते म्हणून दाखवायला कोणी सांगितलेच नाही. समोरच्या बाईंनी विचारले, "शाळेत जाताना वाटेत काय काय लागतं?" मी धरमपेठेतल्या आमच्या गल्लीपासून सुरुवात केली आणि रसवंतीवाल्याच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांपर्यंत आले, तेव्हा त्यांनी हसून पुरे म्हटले. पुढे मला कळले की पाठ केलेले म्हणणारी मुले त्यांना शंभर मिळत होती. आपण होऊन बोलणारे, आणि बोलताना कॅमेऱ्याकडे न पाहणारे मूल त्यांना हवे होते.

3. मालिकेतले घर खरे होते का?

नव्हते. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतल्या एका स्टुडिओत ते प्लायवूडने उभारले होते. खोल्यांना तीनच भिंती होत्या, वर छताऐवजी दिव्यांच्या लोखंडी पट्ट्या होत्या आणि दिवाणखान्यातला जिना आठ पायऱ्या चढून एका फळीपाशी संपत होता. मी 'वर अभ्यासाला' गेले की त्या फळीवर उकिडवी बसून राहत असे आणि दृश्य संपल्यावर स्पॉटदादा (सेटवरचे मदतनीस) मला खाली उतरवत.

जेवणाच्या दृश्यांविषयी मुले हमखास विचारतात, म्हणून तेही सांगते. ताटातली पोळी, वरणभात, भाजी खरी असे, पण एकच दृश्य मास्टर (सगळे एकत्र दिसतात ते), सजेशन (एकाच्या खांद्यामागून दुसरा दिसतो ते) आणि क्लोज-अप (फक्त चेहरा) असे तीन-चार वेळा घेतले जाते आणि दर वेळी ताट पहिल्यासारखेच दिसावे लागते. त्यामुळे "काल काय झालं माहितीये?" या शब्दांनंतरच पोळीचा तुकडा तोडायचा, तो वरणात बुडवायचा आणि पुढचे वाक्य येईपर्यंत तोंडात घालायचा नाही, हे मला लक्षात ठेवावे लागे. भूक लागलेली असताना हातातला घास चार वेळा परत ताटात ठेवणे हे आठ वर्षांच्या मुलीसाठी बरेच कठीण काम होते.

4. दिवसाचे किती तास काम असायचे?

सेटची पाळी साधारण सकाळी नऊ ते रात्री नऊ अशी बारा तासांची होती. आम्ही डोंबिवलीला मावशीकडे राहत होतो, त्यामुळे पहाटे साडेपाचला उठून दादरला गाडी बदलायची आणि गोरेगावहून बसने चित्रनगरी गाठायची, असा क्रम होता. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर लागतो आणि रोज तेवढा चित्रित झाला नाही तर तयार भागांची बँक आटते. या एका गणितावर सेटवरची सगळी घाई चालते.

माझे प्रत्यक्ष काम दिवसाला दीड-दोन तासांचे असे. बाकीचा वेळ वाट पाहण्याचा, आणि ही गोष्ट पालकांना सांगूनही पटत नाही. मेकअप करून, वेणी घालून, फ्रॉकला चुणी पडू न देता पाच-पाच तास बसून राहणे हेच बालकलाकाराचे खरे काम आहे. पळायचे नाही, घाम येऊ द्यायचा नाही, झोपायचे नाही. आमच्या सेटवर मुलांच्या तासांची वेगळी नोंद कोणीही ठेवत नव्हते.

5. तुमची नागपुरी बोली मालिकेत चालली का?

चालली नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. मालिकेतले कुटुंब पुण्याचे होते. पहिल्याच आठवड्यात मला "आले हं आजी!" एवढेच म्हणायचे होते. मी आतून धावत येऊन म्हटले, "आजी, मी येऊन राहिली ना!" आणि अख्खे युनिट हसले. मी काय चुकले तेच मला कळेना, कारण आमच्याकडे सगळेच येऊन राहतात आणि जाऊन राहतात. दुसऱ्यांदा असेच झाले ते कोथिंबिरीवरून. मी "सांभार निवडून झाला" म्हणाले आणि सहायक दिग्दर्शकाला वाटले की मी इडलीबरोबरच्या सांबाराबद्दल बोलते आहे.

त्यानंतर एक सहायक रोज अर्धा तास माझ्याकडून शब्द घासूनपुसून घेत असे. तीन महिन्यांत मी अशी बोलू लागले की सुट्टीत नागपूरला आल्यावर महाल भागातल्या माझ्या आजीने मला विचारले, "तू माझ्याशी अशी पाहुण्यासारखी काऊन बोलतं वं?" एका बोलीतून दुसरीत जाणे हे कलावंताचे कौशल्य आहे आणि ते मला तेथे मिळाले, याची मला जाणीव आहे. पण आठ वर्षांच्या मुलीला तिच्या घरची भाषा हसण्यासारखी आहे असे वाटू देणे गरजेचे नव्हते. माझ्या शिबिरात मूल प्रथम आपल्या बोलीत प्रवेश करते आणि मगच प्रमाण मराठीत.

6. एवढे खरे कसे रडायचात?

बहुतेक वेळा ग्लिसरीनने. मेकअपदादा डोळ्यांच्या खालच्या कडेला बोटाने पुसटसे लावत, अर्ध्या मिनिटात डोळे चुरचुरू लागत आणि पाणी येई. ते जास्त झाले की डोळे लाल होत आणि पुढचे हसरे दृश्य लांबवावे लागे.

परंतु एका भागात, जो आजही लोक आठवणीने सांगतात, ग्लिसरीन नव्हते. मला रडू येत नव्हते, उशीर होत होता आणि एका सहायकाने जवळ येऊन मला सांगितले की आई माझ्यावर चिडून नागपूरला निघून गेली आहे. मी दाराकडे पाहिले तर तिची नेहमीची खुर्ची रिकामी होती. ती डबा गरम करायला गेली होती. मी रडले, दृश्य एका टेकमध्ये झाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई परत आल्यावर मी तिचा पदर जेवण होईपर्यंत सोडला नाही, पण काय झाले ते तिला सांगितले नाही, कारण टाळ्या वाजल्या होत्या आणि ज्याला टाळ्या मिळतात ते चांगलेच असणार अशी माझी समजूत होती. खोटे सांगून मुलाला रडवणे हा अभिनय करून घेण्याचा मार्ग नाही. ज्या शिक्षकाला किंवा दिग्दर्शकाला तो मार्ग वाटतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये. याच संदर्भात प्रश्न 16 पाहावा.

7. पडद्यावरच्या कुटुंबाशी खरे नाते होते का?

सर्वांशी नव्हते. पडद्यावरचे आईवडील कामात चोख आणि वागण्यात सौम्य होते, पण दृश्य संपले की ते आपापल्या खोलीत जात, आणि बारा तासांच्या पाळीत त्यांना विश्रांतीची गरज होती हे मला आता समजते. आजोबांची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ नटांशी मात्र माझे खरोखरच नाते जडले. त्यांची उमेदीची वर्षे रंगभूमीवर गेली होती. ते मला दोन दृश्यांच्या मधल्या वेळात पाढे म्हणायला लावत आणि एकोणिसाचा पाढा त्यांना स्वतःला येत नाही असे भासवत, म्हणून तो मी त्यांना शिकवला. समोरचा नट बोलत असताना त्याचे बोलणे खरोखर ऐकायचे, आपल्या वाक्याची वाट पाहत थांबायचे नाही, हा धडा त्यांनी दिला आणि मी मुलांना सर्वात आधी तोच शिकवते. ते गेल्याची बातमी मला वर्तमानपत्रातून कळली, कारण मालिका संपल्यावर आमच्यात संपर्क उरला नव्हता.

8. शाळेचे काय झाले? आणि नागपूरचे काय सुटले?

शाळेने पटावरचे नाव कायम ठेवले आणि परीक्षांना बसू दिले, पण हजेरीचे दिवस दरवर्षी काठावर असत. एका मैत्रिणीची आई तिच्या वह्यांच्या झेरॉक्स काढून पंधरा दिवसांनी मुंबईला पाठवत असे. भाषा मी सांभाळली, मात्र गणितात अपूर्णांकांपाशी जी फट पडली ती पुढे दहावीपर्यंत बुजली नाही. सेटवर शिक्षक नव्हता.

सुटले म्हणाल तर तान्हा पोळा सुटला. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी नेतात, खाऊ आणि बोजारा (भेटीचे पैसे) मिळवतात, आणि त्याच दिवशी शहरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. 2004 साली मी आईकडे दोन दिवस मागितले, आईने निर्मिती-व्यवस्थापकांकडे मागितले आणि नेमके त्याच दिवसांत मालिकेतल्या गणपतीचे चित्रीकरण लागले. सेटवर शाडूचा गणपती होता, खरे मोदक होते, आरती होती, आणि माझा लाल झुलीचा, एक चाक निखळलेला बैल धरमपेठेत कपाटावर होता. त्या भागात मी आरतीला टाळ्या वाजवताना दिसते.

9. लोक ओळखायचे तेव्हा कसे वाटायचे?

पहिले सहा महिने फार आनंद झाला. सीताबर्डीवर दुकानदार फ्रॉकचे पैसे घेईनात. नंतर लक्षात आले की मला कोणीच माझ्या नावाने हाक मारत नाही. शाळेत बाईंनीही एकदा हजेरी घेताना भूमिकेचे नाव उच्चारले आणि वर्ग हसला. त्याहून अवघड होते ते अनोळखी माणसांनी गाल ओढणे आणि उचलून घेणे. पालकांना माझी विनंती आहे की "नमस्कार कर, फोटो दे" असे मुलाला सांगण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.

10. किती पैसे मिळाले?

मानधन दिवसावर होते: सुरुवातीला 700 रुपये, शेवटी 1,200. धनादेश नव्वद दिवसांनी येत असे, कारण या व्यवसायात तीच रीत आहे, आणि त्यातून आधी टीडीएस कापलेला असे. मुंबईचा राहण्या-जाण्याचा खर्च आमचा आम्हीच करत होतो. शेवटच्या एकोणीस दिवसांचे पैसे निर्मिती संस्थेने दिलेच नाहीत. बाबांनी चार पत्रे लिहिली, नंतर लिहिणे सोडले. उरलेल्या रकमेतून माझ्या नावे एक मुदत ठेव झाली आणि तिच्यातून मी पदवीनंतरचे नाट्यशिक्षण घेतले. ती ठेव बाबांच्या आग्रहामुळे झाली. त्या वेळी तशी सक्ती नव्हती, आज आहे (प्रश्न 12).

11. भूमिका कशी संपली? जुने भाग कुठे पाहता येतील?

मालिकेत सात वर्षांचा लीप आला. कथेत काळ पुढे सरकला की मुले मोठी होतात आणि त्यांच्या जागी मोठे कलाकार येतात. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीला नागपूरला आलो होतो आणि परतीचे तिकीट काढलेले असताना फोन आला की आता येण्याची गरज नाही. मी कोणाचाही निरोप घेऊ शकले नाही. सोमवारी संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. मी पायऱ्या चढून वर गेले आणि कॉलेजला जाणारी एक उंच मुलगी त्याच जिन्याने खाली आली. आईने टीव्ही बंद केला, मी तो पुन्हा लावला, कारण आजोबा अजून त्यात होते.

जुने भाग माझ्याकडे फार थोडे आहेत. शेजारच्या काकांनी व्हीसीआरवर उतरवून ठेवलेल्या अकरा कॅसेटींपैकी सात बुरशीने गेल्या. पुनःप्रक्षेपणाचे मानधन मिळाले का, असेही विचारतात. नाही मिळाले. आमच्या करारात सर्व हक्क निर्मात्याकडे होते आणि प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात कलावंतांच्या स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) तरतूद 2012 च्या दुरुस्तीने आली, तोपर्यंत माझे काम संपून सहा वर्षे झाली होती.

12. आज मुलाला मालिकेत पाठवायचे असेल तर कायदा काय सांगतो?

बालकामगारविषयक 1986 च्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास सर्वसाधारण बंदी आहे, पण दृक्‌श्राव्य मनोरंजनात कलावंत म्हणून काम करण्यास अटींसह सूट आहे. 2017 च्या नियमांनुसार त्या अटींतील महत्त्वाच्या अशा: मुलाचे काम दिवसाला पाच तासांहून अधिक असू नये आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक असू नये. सलग सत्तावीस दिवसांहून जास्त काम नको. निर्मात्याने चित्रीकरण होणाऱ्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची (म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांची) परवानगी घ्यावी आणि नमुना 'क' मध्ये हमीपत्र द्यावे. हे हमीपत्र सहा महिने वैध असते. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी. शाळेत खंड पडू नये अशी व्यवस्था करावी. आणि मुलाच्या कमाईपैकी किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करावी, जी त्याला सज्ञान झाल्यावर मिळेल.

नागपूरच्या पालकांसाठी एक बाब विशेष आहे. चित्रीकरण मुंबईला असेल तर परवानगीही तेथील दंडाधिकाऱ्यांची लागते, आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून उपयोग नाही. परवानगीची प्रत निर्मात्याकडे मागावी. ती मागितल्यावर समोरचा चिडला, तर त्याच दिवशी परतीचे तिकीट काढावे.

13. हे नियम जाहिरातींनाही लागू आहेत का? आणि मूल चौदा वर्षांचे झाले की?

सूट देणाऱ्या तरतुदीत जाहिरात, चित्रपट, दूरदर्शन मालिका आणि तत्सम मनोरंजन या सर्वांचा उल्लेख आहे, सर्कस मात्र स्पष्टपणे वगळली आहे. म्हणून 'एका दिवसाची तर जाहिरात आहे' ही सबब चालत नाही. चौदा ते अठरा वयोगटाला कायदा 'किशोर' म्हणतो आणि त्यांच्यासाठी वेगळा भाग आहे: विश्रांती धरून दिवसाला सहा तास, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही.

14. करारावर सही कोणाची? निर्मात्याने काम दिले नाही तर दावा लावता येतो का?

सही पालकाची असते, पण तिच्यावर फार विसंबू नये. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही आणि तिने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे 1903 पासून प्रस्थापित आहे. आपल्या विषयाशी थेट जुळणारा निवाडा म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचा राजराणी विरुद्ध प्रेम आदिब, जो 1949 च्या निवाडासंग्रहात आहे. वडिलांनी अज्ञान मुलीच्या वतीने चित्रपटात काम करण्याचा करार केला, निर्मात्याने भूमिका दुसऱ्या मुलीला दिली, आणि न्यायालयाने ठरवले की या कराराच्या आधारे दावा चालत नाही. हा निवाडा मी प्रथम वाचला तेव्हा बाबांनी चार पत्रांनंतर का थांबायचे ठरवले असेल याचा विचार मनात आला. व्यवहारात याचा अर्थ असा की मानधन शक्य तितके आगाऊ किंवा दरमहा घ्यावे, कामाचे दिवस स्वतःच्या वहीत तारखेनिशी लिहून निर्मिती-व्यवस्थापकाची सही घ्यावी, आणि करार सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावा.

15. मुलाच्या कमाईवर कर कोण भरतो?

अज्ञान मुलाचे उत्पन्न सामान्यतः आई किंवा वडील यांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मात्र मुलाने स्वतःच्या कौशल्याने, गुणवत्तेने किंवा श्रमाने मिळवलेले उत्पन्न याला अपवाद आहे आणि ते मुलाचेच धरले जाते. त्यामुळे मुलाचे स्वतंत्र पॅन कार्ड काढावे आणि टीडीएस त्याच पॅनवर कापला जात आहे ना हे पाहावे. गुंतागुंत पुढे येते: त्या कमाईच्या ठेवीवर मिळणारे व्याज हे कौशल्याचे उत्पन्न नाही, म्हणून ते पुन्हा पालकाच्या उत्पन्नात जाते.

16. चित्रीकरण सुरू असताना मूल 'नको' म्हणाले तर?

तर थांबायचे. मुलाच्या इच्छेविरुद्ध आणि संमतीशिवाय त्याला सहभागी करता येत नाही, हे प्रश्न 12 मधल्या नियमांतच लिहिलेले आहे. पण नियम कागदावर असतो आणि सेटवर चाळीस माणसे घड्याळाकडे पाहत असतात. त्या चाळिसांसमोर लहान मूल आपण होऊन 'नको' म्हणत नाही. मी अडीच वर्षांत एकदाच म्हटले, आणि तेही मला विचारले गेले म्हणून.

2005 च्या पावसाळ्यात एक दृश्य होते ज्यात मला अंधाऱ्या कोठीच्या खोलीत कोंडले जाते. रात्रीचे साडेनऊ झाले होते. सेटवरची ती खोली खरोखरच अरुंद होती, कॅमेरा आत लावायचा होता आणि दार बाहेरून लावले जाणार होते. मी काही बोलले नाही, फक्त फ्रॉकची नाडी बोटाला गुंडाळत राहिले. आजोबांचे त्या दृश्यात काम नव्हते, ते घरी निघाले होते. ते पिशवी खाली ठेवून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी विचारले, "तुला हे करायचंय का?" मी म्हणाले, "नाही." ते उठले आणि दिग्दर्शकांना एवढेच म्हणाले की ती नाही म्हणते आहे.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग दिव्यांची मांडणी बदलली गेली आणि फक्त बाहेरून बंद दाराचे चित्रीकरण झाले. कॅमेरा कडीवर स्थिर होता आणि दारामागे कोणी नव्हते. माझा आवाज दुसऱ्या दिवशी दुपारी मेकअपच्या खोलीत ध्वनिमुद्रित केला. आई शेजारी बसली होती, खिडकी उघडी होती. ते दृश्य पाहून काळजाचे पाणी झाले असे अजूनही लोक मला लिहितात. त्यांनी जो आवाज ऐकला तो काढताना माझ्या हातात नागपूरहून आलेल्या संत्रा बर्फीचा अर्धा तुकडा होता, आणि मुद्रण संपल्यावर मी तो लगेच खाल्ला.